घरातली जागा

औंध संस्थानानं १९३९ साली आटपाडीजवळच्या माळावर एक तुरुंग वसवला आणि त्याला भिंतच घातली नाही. शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांनी तिथं बायकामुलांसह राहायचं, जमीन कसायची, पिकवून खायचं. पळून जायचं तर चारी दिशा मोकळ्या. वसाहतीचं नाव स्वतंत्रपूर. कल्पना मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याची, आणि तिला जमीन व बळ दिलं ते भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी. गांधीजींच्या सल्ल्यानं त्याच वर्षी राज्यकारभार आपण होऊन प्रजेच्या हाती सोपवणारे हेच राजे. पुढं याच मुलखातल्या ग. दि. माडगूळकरांनी या प्रयोगावरून कथा लिहिली आणि १९५७ साली व्ही. शांतारामांचा 'दो आँखें बारह हाथ' पडद्यावर आला. संस्थानातच, कुंडलच्या माळावर कारखाना काढणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तर शिक्षा भोगून आलेल्या माणसांना रात्रीची राखण दिली होती.

या गोष्टी आपल्याकडं कौतुकानं सांगितल्या जातात, पण त्यांतला खरा धाडसाचा भाग बहुतेक वेळा सुटतो. जगाची रीत अशी की माणसानं आधी स्वतःला सिद्ध करावं, मग त्याला जवळ घ्यावं. औंधनं हा क्रम उलटा केला. घर आधी, जमीन आधी, बायकापोरं आधी. लायकी नंतर दिसेल, आणि ती दिसेल असा विश्वास. सातारा-सांगलीच्या या पट्ट्यात तृतीयपंथी माणसांच्या वाट्याला काय येतं याचा विचार करताना मला हा उलटा क्रम राहून राहून आठवतो. त्यांना आपण पुष्कळ काही दिलं आहे. भीती दिली, भक्ती दिली, टाळ्या दिल्या, आता थोडे कायदेही दिले. घर मात्र दिलं नाही.

तृतीयपंथीयांचा विषय काढताना कैद्यांचं उदाहरण घ्यावं याचा कुणाला राग येईल, आणि तो राग मला समजतो. त्यांनी कुणाचा काही गुन्हा केलेला नाही. पण त्यांना गुन्हेगार ठरवणारा कायदा या देशात होऊन गेला आहे. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्याचा दुसरा भाग हिजड्यांसाठी होता. उत्तर हिंदुस्थानातल्या प्रांतांत त्यांची नावं पोलिसांच्या नोंदवहीत चढवली गेली. बाईचे कपडे घालून चारचौघांत यायला, नाचायला बंदी झाली. दत्तक घेता येणार नाही, मृत्युपत्र करता येणार नाही, कुणाला काही बक्षीस देता येणार नाही, अज्ञान मुलाचं पालक होता येणार नाही. ही कलमं एकापाठोपाठ वाचली की कळतं, त्या कायद्याला त्यांच्या नाचण्याएवढाच राग त्यांच्या घर करण्याचा होता. वारस नको, पोर नको, मिळकत नको. तो कायदा कधीच गेला. घर नाकारण्याची ती रीत आपण कायद्याशिवायही चालवली.

मराठी मुलखाचा इतिहास याहून थोडा वेगळा होता. मराठेशाहीत काही हिजड्यांना वंशपरंपरेनं नव्हे तर गुरू-चेल्याच्या परंपरेनं चालणारे हक्क होते. गावोगाव धान्य आणि पैसा गोळा करण्याचे ते हक्क सनदेनं मिळालेले असत, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला कंपनी सरकारनं ते मानायचं बंद केलं. पूर्वी आमच्याकडं सगळं चांगलं होतं, गोऱ्यांनी बिघडवलं, असा सोयीचा निष्कर्ष यातून काढता येतो. मला तो पुरेसा वाटत नाही. सनद होती हे खरंच मोठं होतं, कारण सनद असलेला माणूस सरकारदरबारी माणूस म्हणून उभा राहतो. पण ती सनदसुद्धा बहुतांशी मागून खाण्याची होती. पाटीलकीची नव्हती. दारात यायचा हक्क होता, आत यायचा नव्हता.

दाराबाहेरचा हा मान आपल्या भागात किती खोल मुरलाय, ते यल्लम्माच्या वाटेवर दिसतं. सांगली, कोल्हापूर, बेळगाव या पट्ट्यातून सौंदत्तीच्या डोंगराकडं जाणाऱ्या वाटेवर जोगत्यांना कोण ओळखत नाही? हिरवं लुगडं, कपाळभर भंडारा, डोईवर देवीचा जग, हातात परडी, सोबत चौंडकं आणि तुणतुणं. घरातला एखादा मुलगा बायकी चालतो, मुलींत खेळतो, आईची साडी नेसून बघतो. आधी मार बसतो. मग अंगारेधुपारे होतात. मग कुणीतरी जाणतं माणूस म्हणतं की याला देवीनं धरलंय. आणि त्या वाक्यासरशी घराचा जीव भांड्यात पडतो. पोराचं वागणं आता त्याचं राहत नाही, देवीचं होतं. गळ्यात मोती बांधले जातात आणि तो देवीचा म्हणून सोडला जातो. कालपर्यंत त्याला खेटरानं हाणणारे आज त्याच्या पायावर डोकं ठेवतात. 'जोगवा' या २००९ सालच्या चित्रपटामुळं हे जग शहरी प्रेक्षकांपर्यंत पोचलं. त्यामागं राजन गवस आणि चारुता सागर यांचं लेखन होतं, आणि दोघंही याच सीमाभागाचं दुःख जवळून जाणणारे.

या प्रथेत क्रूरता आहे हे सगळे मान्य करतात. मला तिच्यातली सोय जास्त अस्वस्थ करते. देवीला सोडल्यामुळं आईबापांना पोटच्या पोराशी पुढचं आयुष्य काढायचा प्रश्नच उरत नाही. देवळाच्या पायरीवर नमस्कार केला की घराच्या उंबऱ्यावरचं कर्तव्य संपलं. ज्याला देव मानलं त्याच्या जेवणाची, शिक्षणाची, म्हातारपणाची चौकशी करावी लागत नाही. शिवाय देवीनं धरलेल्या सगळ्यांची मनं एकसारखी कशी असतील? त्यांत कुणी खरोखर मनानं स्त्री असेल. कुणाला फक्त पुरुषावर प्रेम वाटत असेल, कुणी नुसता हळवा, नाचरा मुलगा असेल. त्यांना स्वतःला काय वाटतं हे विचारायच्या आतच उत्तर गळ्यात बांधलं जातं. देवदासी प्रथेविरुद्ध महाराष्ट्रात २००५-०६ च्या सुमारास कायदा झाला, तेव्हा डोळ्यांसमोर प्रामुख्यानं सोडलेल्या मुली होत्या, आणि तसं असणं रास्तच होतं. सोडलेल्या मुलांचं दुःख चर्चेच्या कडेला राहिलं.

दुसरी मोकळी जागा रंगभूमीची. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीता स्वयंवर' उभं केलं तेव्हा सीता पुरुषच झाला होता, आणि राजापासून रयतेपर्यंत कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. पलूसजवळच्या नागठाण्याचे नारायण श्रीपाद राजहंस बालगंधर्व झाले आणि त्यांची नेसण, त्यांचं चालणं, केसांतला गजरा घरंदाज बायकांनी उचलला. बालगंधर्वांच्या खासगी मनाबद्दल मला काहीही सुचवायचं नाही. मला प्रेक्षकांबद्दल म्हणायचंय. पुरुषाच्या देहात स्त्री दिसू शकते हे या मातीतल्या माणसांनी शंभर वर्षं डोळे भरून पाहिलंय, त्यासाठी तिकिटं काढली आहेत. पण तीच गोष्ट तमाशाच्या फडात आली की तो 'नाच्या' झाला आणि त्याच्या वाट्याला हेटाळणी आली. आनंद यादवांच्या 'नटरंग'मधला गुणा नाच्याची भूमिका करतो एवढ्यानंच त्याचं घर, त्याचं पुरुषपण आणि गावातली पत सगळं पणाला लागतं. तो तर मनानंही पुरुषच आहे. मग जिचं मनच स्त्रीचं आहे तिचं काय होत असेल!

म्हणून लोकांना या माणसांची ओळख नाही, ओळख वाढली की स्वीकार होईल, हा युक्तिवाद मला पटत नाही. ओळख भरपूर आहे. देवळात आहे, बोर्डावर आहे, बारशाला आहे, एसटी स्टँडवर आहे. जिथून ती व्यक्ती संध्याकाळी निघून जाते अशा प्रत्येक ठिकाणी आपण तिला जागा दिली. जिथं ती मुक्काम करेल तिथं नाही.

का नाही, याचं उत्तर गावात कुणालाही विचारा. आईबापांचं काळीज दगडाचं असतं असं नव्हे. पुष्कळ आया चोरून भेटतात, पिशवीत भाकरी बांधून देतात, वडील घरी नसताना फोन करतात. अडतं ते सोयरिकीवर. थोरल्याचं हे असं कळलं तर धाकटीला स्थळ कोण देणार? भावकी बोलेल, पाहुणे लग्न मोडतील, व्याही पोरगी परत पाठवतील. एका मुलाला घरात ठेवायचं की दोन मुलींची लग्नं करायची, असा हिशोब बापाच्या पुढ्यात टाकला जातो आणि बाप हरतो. गावाची लग्नाची व्यवस्था जे घर पारखते त्यात या एका माणसाला बसवायची तिची तयारी नाही. ही भीती खोटी नाही, आणि म्हणूनच नुसतं 'माया करा' सांगून ती जाणार नाही.

शिखंडीची कथाही याच ठिकाणी येऊन अडते. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला औंधच्या बाळासाहेबांनी मोठं अर्थसाह्य केलं, तिच्यासाठी स्वतः चित्रंही काढली. त्या महाभारताच्या उद्योगपर्वात भीष्म ही कथा दुर्योधनाला सांगतात. द्रुपदाच्या घरी मुलगी जन्मते, आईबाप तिला मुलगा म्हणून वाढवतात, ती द्रोणाकडं धनुर्विद्या शिकते. घरात, गुरुगृही, कुठंच काही बिनसत नाही. बिनसतं ते लग्नानंतर. दशार्ण देशाचा राजा हिरण्यवर्मा, म्हणजे व्याही, फसवणूक झाली म्हणून फौज घेऊन येतो. आपल्यापायी आईबापांवर हे संकट आलं या दुःखानं शिखंडिनी घर सोडते आणि मरायचं ठरवून वनात जाते. तिथं तिला स्थूणाकर्ण यक्ष भेटतो आणि आपलं पुरुषत्व तिला देतो. आपल्याला यातलं यक्षाचं वरदान लक्षात राहतं, आणि पुढं भीष्मासमोर उभं राहणं. घरच्यांना त्रास नको म्हणून मरायला निघालेलं ते मूल लक्षात राहत नाही. आजही अशी मुलं घर सोडतात तेव्हा बहुतेकांच्या मनात हेच असतं. आणि प्रत्येक वनात यक्ष भेटत नाही.

घर सुटतं ते साधारण शाळेच्या वयात. आवाज फुटायच्या, अंग बदलायच्या त्या दोन-तीन वर्षांत वर्गातली टवाळी असह्य होते. शाळेच्या मुतारीत काय होतं ते कुणी बोलत नाही. २०११ च्या जनगणनेत पहिल्यांदा 'इतर' असा रकाना आला. देशभरात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ माणसांची नोंद त्यात झाली. साक्षरता ५६ टक्क्यांच्या आसपास होती, देशाची मात्र ७४ च्या घरात. सातवी-आठवीतून उठलेलं, कागदपत्रं घरीच राहिलेलं, अंगावरच्या कपड्यांनिशी मिरजेच्या किंवा पुण्याच्या गाडीत बसलेलं पोर पुढं काय करणार? गुरू भेटतो. चेला होतं. मंगती म्हणजे मागून खाणं शिकतं, बधाई म्हणजे बारशा-लग्नाला नाचून-गाऊन पैसे घेणं शिकतं, नाहीतर देहविक्रय. गुरूच्या घराण्यातही कर्ज असतं, धाक असतो, हद्दीची भांडणं असतात, त्याचं उदात्तीकरण करायचं कारण नाही. पण आजारात उशाशी बसणारं माणूस तिथंच मिळतं, हेही खरं. तृतीयपंथीयांसाठीच्या २०१९ च्या कायद्यानं कुटुंबाची व्याख्या केली ती रक्ताचं, लग्नाचं किंवा कायदेशीर दत्तकाचं नातं अशी. जन्मदात्यांनी टाकलेल्या माणसाला ज्यांनी सांभाळलं, ते त्या व्याख्येत कुठंच बसले नाहीत.

सिग्नलला, बाजारात, रेल्वेत पैशांसाठी जबरदस्ती होते, आम्ही यांना का स्वीकारावं, असं व्यापारी बोलतात. जबरदस्ती होते आणि ती चुकीची आहे. पण ज्या दुकानासमोर टाळी वाजते त्या दुकानात कामावर कुणी ठेवलंय का, हे विचारल्याशिवाय ती तक्रार पुरी होत नाही. विश्वास टाकला तर काय होतं हे सांगलीनं पाहिलंय. १९९२ पासून काम करणाऱ्या 'संग्राम' संस्थेनं एड्सच्या प्रश्नावर वेश्याव्यवसायातल्या बायकांनाच कार्यकर्त्या केलं. त्यातून वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली, आणि या व्यवसायातल्या पुरुषांची व तृतीयपंथीयांची 'मुस्कान' ही संघटनाही. ज्यांना रोग पसरवणारे म्हणून हिणवलं गेलं, त्यांनीच रोगाला आवर घालायचं काम अंगावर घेतलं. स्वतंत्रपूरची रीत इथं पुन्हा दिसते, फक्त राजा नव्हता.

कायद्याची वाट मात्र अजून जुन्याच क्रमानं चालते. सर्वोच्च न्यायालयानं १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालात सांगितलं की आपण कोण आहोत हे ठरवायचा अधिकार ज्याचा त्याला आहे. पाच वर्षांनी कायदा आला आणि त्यानं त्या ओळखीसाठी जिल्हाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र मागितलं. आधी दाखला, मग माणूस. त्याच कायद्यात एक चांगलं कलमही होतं: तृतीयपंथी आहे एवढ्या कारणावरून कुणाही मुलाला न्यायालयाच्या आदेशाशिवाय आईबापांपासून वेगळं करता येणार नाही. पण आईबापच जेव्हा वेगळं करतात तेव्हा मुलाची रवानगी पुनर्वसन केंद्रात. घर टिकवायला मदत करणारा समुपदेशक तालुक्याच्या गावी मिळावा, शाळेतल्या शिक्षकाला चार गोष्टी कळाव्यात, या साध्या सोयी राहूनच गेल्या.

साताऱ्याच्या तृतीयपंथी आर्या पुजारीला पोलीस व्हायचं होतं. २०२२ च्या भरतीच्या ऑनलाइन अर्जात स्त्री आणि पुरुष असे दोनच रकाने. नालसा निकालाला आठ वर्षं झाली होती. प्रशासकीय न्यायाधिकरणानं नोव्हेंबरमध्ये तिसरा रकाना करायला सांगितलं, तर राज्य सरकार त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेलं. नियम नाहीत म्हणून अंमल अवघड आहे, असं सरकारचं म्हणणं. नियम करायचे कुणी, सरकारनंच ना? उच्च न्यायालयानं डिसेंबरमध्ये सरकारला कडक शब्दांत सुनावलं आणि २८ फेब्रुवारी २०२३ पर्यंत शारीरिक चाचणीचे नियम करायला लावले. रकाना उघडल्यावर राज्यभरातून ७३ तृतीयपंथीयांनी अर्ज केले. गणवेशासाठी धावायला तयार असलेली ही माणसं आधी होतीच. अर्जातल्या एका रकान्याअभावी ती नाहीत असं धरून आपण चाललो होतो.

गावं कधी कधी सरकारच्या पुढं असतात. माण तालुक्याच्या पूर्वेला लागून असलेल्या माळशिरस तालुक्यात तरंगफळ नावाचं गाव आहे. २०१७ साली तिथल्या लोकांनी तृतीयपंथी असलेल्या ज्ञानदेव ऊर्फ माऊली कांबळे यांना सरपंच केलं. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकला ग्रामपंचायतीसाठी अंजली पाटील या तृतीयपंथी उमेदवाराचा अर्ज स्त्रियांच्या राखीव जागेवरून फेटाळला गेला, तेव्हा त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या, जानेवारी २०२१ मध्ये जिंकल्या आणि मग निवडणूकही जिंकल्या. सरपंचाच्या पायावर कुणी डोकं ठेवत नाही. त्याच्याशी भांडतात, नळाला पाणी का नाही म्हणून जाब विचारतात. कुणी आपल्याशी हक्कानं भांडावं, हे जोगत्याला कधी मिळालं नव्हतं.

आणि ज्यांच्यासाठी देवीची वाटही नाही, त्यांचं काय? मुलगी म्हणून जन्मलेला पण मनानं मुलगा असलेला. त्याला कुणी देवीनं धरलंय म्हणत नाही, लवकर उजवून टाकतात. बीड जिल्ह्यातले पोलीस शिपाई ललित साळवे यांनी २०१८ साली लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी सरकारशी झगडून परवानगी मिळवली तेव्हा महाराष्ट्रात या प्रश्नाकडं लोकांचं लक्ष गेलं. ते कमावते होते, पोलिसात होते, म्हणून लढू शकले. विसाव्या वर्षी लग्न लावून दिलेल्याला कोणती परवानगी, कोणतं न्यायालय? आपल्या गावांत अशी किती आयुष्यं सासरच्या माजघरात गप्प झाली असतील, याचा विचार करायलाही भीती वाटते.

आता पुन्हा घराकडं येऊ, कारण घर म्हणजे आपल्याकडं शेवटी जमीन. उत्तर प्रदेशानं २०२० साली महसूल कायद्यात बदल करून तृतीयपंथी वारसांचा शेतजमिनीवरचा हक्क स्पष्टपणे लिहिला. महाराष्ट्रानंही ते करावं. पण तोवर थांबायचं कारण नाही. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाल्यापासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखाच आहे. म्हणजे कागदावर मुलगा लिहा, मुलगी लिहा, वाटा तेवढाच. कायद्याची अडचण सांगून कुणी हात झटकू नयेत. अडचण आहे ती हक्कसोडपत्राची. लेकींकडून ज्या मायेनं आणि ज्या दडपणानं आपण त्यावर सह्या घेतो, तशीच सही घर सोडून गेलेल्या या लेकराकडूनही घेतली जाते, पुष्कळदा तर बोलावणंही जात नाही. खटाव तालुक्यातल्या एखाद्या बापानं ठरवलं तर तो उद्या वडूजच्या दुय्यम निबंधकाकडं जाऊन आपल्या या मुलीच्या नावे, ती सांगेल त्या नावानं, स्वकष्टाच्या जमिनीचं बक्षीसपत्र करू शकतो. मृत्युपत्र करून घरातली एक खोली तिला ठेवू शकतो. १८७१ च्या कायद्यानं नेमकं हेच करायला तिला बंदी केली होती, बापाला आज कुणाची बंदी नाही. राहिला धाकटीच्या सोयरिकीचा प्रश्न. तो बापाच्या एकट्याच्या हातात नाही, तो स्थळ बघायला येणाऱ्यांच्या हातात आहे, म्हणजे आपल्या. बैठकीत बसल्यावर घरात किती माणसं, जमीन किती, असं आपण विचारतोच. त्या माणसांत ही मुलगीही मोजली गेली आणि तिच्यावरून स्थळ मोडलं नाही, अशी दहा-वीस लग्नं जरी जुन्या औंध संस्थानाच्या बहात्तर खेड्यांत झाली, तरी पुढच्या बापाचा हिशोब बदलेल.